पंतोजींची चित्रमालिका

चित्रमालिका वर्गात आणावी की न आणावी, हा वाद शिक्षकांच्या बैठकीत निघाला म्हणजे दोन्ही पक्ष एका गोष्टीवर न बोलताच एकमत झालेले दिसतात. ती गोष्ट अशी की, ही वस्तू मूळची शाळेबाहेरची आहे. एक पक्ष म्हणतो, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि रेल्वे फलाटावरील पुस्तकांच्या गाड्यांवरून आलेली ही पाहुणी उंबरठ्याबाहेरच बरी. दुसरा म्हणतो, तयार आकृती, तयार देखावे आणि संवादाचे तयार फुगे निवडून वाटेल त्या मुलाला चार चौकटींची गोष्ट रचता यावी अशी साधने आता महाजालावर उपलब्ध आहेत, तेव्हा तिला आत घेतल्यावाचून गत्यंतर नाही. आम्हांस या समान गृहीतकाचाच विचार प्रथम करावासा वाटतो. कारण इतिहास पाहू जाता, चौकटींमागून चौकटी मांडून गोष्ट सांगण्याची आधुनिक कला ज्या घरात रूपास आली, ते घर एक शाळाच होते, आणि तिचा जनक पेशाने पंतोजी होता.

रोडॉल्फ टोप्फर हा जिनिव्हाचा रहिवासी. त्याचा जन्म 1799 चा. बाप चित्रकार असल्यामुळे मुलानेही तेच व्हावे हे जवळजवळ ठरलेले होते. परंतु डोळ्यांच्या विकाराने त्याला तो मार्ग सोडावा लागला आणि तो शिक्षकी पेशाकडे वळला. 1824 मध्ये त्याने मुलांसाठी स्वतःची निवासी शाळा काढली, आणि 1832 मध्ये तो जिनिव्हाच्या विद्यापीठात साहित्याचा प्राध्यापक झाला. या शाळेतील मुलांच्या करमणुकीसाठी त्याने 1827 मध्ये ‘मस्यू व्हिये-ब्वा’ नावाच्या एका प्रेमवेड्या गृहस्थाची गोष्ट रेघोट्यांनी काढली. आडव्या पानावर एका ओळीत चित्रे, प्रत्येक चित्राखाली त्याच हाताने लिहिलेला एकदोन ओळींचा मजकूर, आणि एका चित्रातून दुसऱ्यात उडी घेताना वाचकाने मधला भाग मनानेच भरून काढायचा, अशी ही रचना. चित्रावाचून मजकूर अर्धवट आणि मजकुरावाचून चित्र मुके. या परस्परावलंबनातच नव्या प्रकाराचे सारे रहस्य होते, आणि टोप्फरला त्याची पुरती जाणीव होती.

ही बाडे काही वर्षे हस्तलिखितच राहिली. त्यांतील काही फ्रेदेरिक सोरे या जिनिव्हाच्याच गृहस्थाने वायमार येथे वृद्ध गटेला दाखविली. 1830–31 च्या हिवाळ्यात गटेने ती थोडी थोडी, चवीचवीने पाहिली आणि मनापासून वाखाणली. ही वार्ता कानी आल्यावर टोप्फरला छापण्याचा धीर आला. ‘मस्यू जाबो’ 1833 मध्ये छापली गेली. ‘व्हिये-ब्वा’ 1837 मध्ये. त्याच वर्षी निघालेली ‘मस्यू क्रेपँ’ तर आपणा शिक्षकांनी आवर्जून पाहावी अशी आहे. अकरा मुलांचा एक बाप मुलांसाठी एकामागून एक शिक्षक नेमतो. प्रत्येक शिक्षकाची पद्धती निराळी, प्रत्येकाची खात्री मात्र सारखीच की आपली पद्धती अमोघ आहे. या गृहस्थांची टोप्फरने जी रेवडी उडविली आहे, ती वाचून आमच्या डोळ्यांपुढे अनेक प्रशिक्षण-शिबिरे उभी राहिली, हे कबूल करावयास हरकत नाही.

छपाईसाठी त्याने जो उपाय योजला तो आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शिळाछापाच्या दगडावर चित्रकाराला सारे उलटे काढावे लागे. अक्षरेही आरशातल्यासारखी उलटी लिहावी लागत. टोप्फरने मुद्दाम तयार केलेल्या कागदावर विशिष्ट स्निग्ध शाईने सरळ काढावे आणि मग तो कागद दगडावर उठवावा, ही पद्धती स्वीकारली. तिच्यामुळे लेखकाचा हात आणि छापील पान यांच्यामध्ये कोरणारा कारागीर उरला नाही. ज्याची कल्पना, त्याचीच रेघ आणि त्याचेच अक्षर. चित्रकथा रचण्याचे पहिले ‘साधन’ म्हणून आम्ही या कागदाकडे बोट दाखवू. साधनाने कारागिराची मध्यस्थी काढून टाकावी, परंतु कर्त्याचा हात काढून टाकू नये, हा विवेक त्यात आपोआप साधला होता.

1845 मध्ये, मृत्यूच्या केवळ एक वर्ष अगोदर, टोप्फरने मुखाकृतिविद्येवर एक छोटा निबंध लिहिला. कितीही अनाडी हाताने चेहरा काढला तरी त्यावर काही ना काही भाव उमटल्यावाचून राहत नाही. म्हणून गोष्ट सांगणाऱ्याने चित्रशाळेत वर्षे घालविण्याची गरज नाही, त्याने रेघोट्या काढाव्यात, कोणता माणूस दिसतो ते पाहावे, नाकाची रेघ किंचित बदलावी, आणि पुन्हा पाहावे, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. कलेतिहासकार गोम्ब्रिख यांनी 1960 च्या ‘आर्ट अँड इल्यूजन’ या ग्रंथात यालाच ‘टोप्फरचा नियम’ असे नाव दिले. ‘मला चित्र काढता येत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला देण्याजोगे हे उत्तर आहे, आणि ते दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शाळामास्तराने देऊन ठेवले आहे.

टोप्फरच्या पूर्वी शालेय ग्रंथांत चित्र नव्हते असे नव्हे. कोमेनियसचा ‘ऑर्बिस पिक्टस’ 1658 मध्ये न्यूरेंबर्ग येथे छापला गेला. त्याच्या दीडशे प्रकरणांतील चित्रांत वस्तूंना क्रमांक दिलेले असून शेजारी लॅटिन व जर्मन नावे आहेत. परंतु तेथे चित्राचे काम वस्तू ओळखवून देण्याचे. एका चित्रातून दुसरे निघत नाही. गोष्ट पुढे नेणारी चित्रे पाहावयाची तर युरोपात जाण्याचेही कारण नाही. गोमंतकाच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या कुडाळनजीकच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारतातील आख्याने सुट्या चित्रांच्या ‘पोथी’वरून सांगत आले. एकेक चित्र उचलून प्रेक्षकांपुढे धरावे आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गावी, ही त्यांची रीत. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मात्र चित्रकथीच्या पोथीत शब्द चित्रावर नसतात, ते गाणाऱ्याच्या मुखात असतात. गाणारा उठून गेला की चित्रे थांबतात. टोप्फरने गाणाऱ्याला पानावर आणून बसविले, असे म्हणता येईल.

एवढे कुलीन माहेर असूनही चित्रमालिकेला शाळेतून हद्दपारी का भोगावी लागली? याचे कारण अमेरिकेतील बाजारात शोधावे लागते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथे स्वस्त चित्रकथा-पुस्तिकांचा धंदा फोफावला. 1940 च्या मे महिन्यात स्टर्लिंग नॉर्थ यांनी शिकागोच्या एका दैनिकात त्यांना राष्ट्रीय कलंक ठरविले. 1948 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे शाळकरी मुलांकडून या पुस्तिका गोळा करवून त्यांची होळी करण्यात आली. 1954 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचा ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हा ग्रंथ आला, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. ही लाट आपल्याही किनाऱ्याला लागली. ब्रिटनने 1955 मध्ये कायदा केला. पाठोपाठ आपल्या संसदेने 1956 चा ‘अल्पवयीन व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियम’ संमत केला, आणि त्याच्या व्याख्येत चित्रांच्या साहाय्याने किंवा संपूर्णतः चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचा स्पष्ट उल्लेख केला. कायद्याचा रोख अर्थात गुन्हे, क्रौर्य आणि बीभत्सता यांवर होता. शाळांनी मात्र रोख विसरून सरसकट चित्रांवरच राग धरला. वर्थम यांच्या ग्रंथाविषयी एवढे सांगितले पाहिजे की, त्यांची खाजगी कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली यांनी 2012 मध्ये, मुलांच्या जबान्यांत त्यांनी फेरफार व मोडतोड केल्याचे साधार दाखवून दिले.

याच काळात उलट बाजूचे लोक गप्प होते असे नाही. 1944 च्या डिसेंबरात अमेरिकेतील शैक्षणिक समाजशास्त्राच्या एका नियतकालिकाने चित्रकथांसाठी अख्खा अंक दिला. त्यात सोन्स यांनी अध्यापनातील त्यांच्या उपयोगाची मांडणी केली. 1951 पासून अमेरिकी लष्कराने यंत्रांची निगा शिकविण्यासाठी विल आयस्नर यांच्या चित्रमालिका असलेले मासिकच सुरू केले. आपल्याकडे 1964 मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघाले आणि वेताळ मराठी घरांत शिरला. 1967 मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिच्यातील ‘कृष्ण’ राम वाईरकरांच्या कुंचल्यातून उतरला, आणि पुढे प्रताप मुळीकांसारख्या चित्रकारांनी ती मालिका सजविली. आई-बापांनी मुलाच्या हाती कौतुकाने द्यावी अशी चित्रकथा या मालिकेनेच आपल्या देशात निर्माण केली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु होळी करणारे आणि आरती करणारे, या दोघांच्याही दृष्टीने मूल हे वाचकच होते. प्रश्न एवढाच की त्याच्या हाती काय पडावे. टोप्फरच्या हातातली लेखणी मुलाच्या हातात द्यावी, हा विचार फार उशिरा आला, आणि आला तोही चित्रकथेच्या वाटेने नव्हे. 1924 मध्ये दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकाने वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले, आणि मुलांनी स्वतः लिहिलेले मजकूर मुलांकडूनच जुळवून छापण्यास आरंभ केला. पाठ्यपुस्तक वाचणारे मूल आणि पुस्तक करणारे मूल यांतील अंतर प्रथम त्या खिळ्यांनी तोडले. चित्रकथेच्या क्षेत्रात हेच काम 2001 पासून न्यूयॉर्कमध्ये मायकेल बिट्झ यांनी केले. शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांत त्यांनी मुलांना कोऱ्या चौकटींचे कागद दिले. मुलांनी आधी संहिता लिहावयाची, मग चित्रे काढावयाची. आपल्या देशात शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने आणखी साधी वाट काढली. दोन कागद एकमेकांस जोडून त्यांवर चार चौकटी आखाव्यात, गावच्या प्रश्नावर गोष्ट रचावी, छायाप्रती काढाव्यात आणि भिंतींवर डकवाव्यात. सुबक चित्रकाराची त्यात अपेक्षाच नसते. टोप्फर भेटता तर त्याने या कार्यकर्त्यांना शिष्य मानले असते.

आता संगणकाकडे वळू. 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कॉमिक चॅट’ नावाचा एक कार्यक्रम काढला. दोघे जण दूर अंतरावरून एकमेकांस मजकूर पाठवीत, आणि यंत्र त्या संभाषणाच्या चौकटी पाडून, पात्रे उभी करून, फुगे क्रमाने बसवून देई. फुग्यांचा वाचनक्रम, पात्रांचे एकमेकांकडे वळणे, दृश्याचे जवळ-दूर होणे, हे सारे नियमांत बांधता येते, हे त्यावरून दिसून आले. पुढच्या दशकात अशी साधने वर्गासाठी तयार होऊ लागली. 2006 मध्ये बिल झिमरमन यांचे ‘मेक बिलीव्ह्स कॉमिक्स’, त्यानंतर चेन्नईत घडलेले ‘टूनडू’, कॅनडातील ‘बिटस्ट्रिप्स’ व ‘पिक्स्टन’, आणि 2012 मध्ये ‘स्टोरीबोर्ड दॅट’. बिटस्ट्रिप्सची शालेय आवृत्ती तर ऑन्टॅरिओ प्रांताच्या शिक्षण खात्याने आपल्या शाळांसाठी घेतली होती.

या साधनांचा लाभ खरा आहे. लेखनाची कंपी भरलेला विद्यार्थी कोऱ्या पानापुढे बसवावा आणि तोच विद्यार्थी तीन रिकाम्या चौकटींपुढे बसवावा. दुसऱ्या वेळी तो लवकर हालचाल करतो. चौकटी मोजक्या असल्याने काय सांगावे यापेक्षा काय गाळावे हे त्याला ठरवावे लागते, आणि निबंधाच्या तासाला आपण जे संक्षेपाचे धडे घसा कोरडा करून देतो ते तो बिनबोभाट शिकतो. संवाद कोणाच्या तोंडी, कथन कोणाचे, दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या पट्टीत किती वेळ गेला, हे प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकातील प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथनाहून अधिक जिवंत असतात. 2021 च्या मार्चमध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने पाठ्यपुस्तकांतील विषयांवर शंभराहून अधिक चित्रकथा प्रसिद्ध केल्या. त्या मंडळाच्या शाळांतील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी रचलेल्या होत्या. या उपक्रमात मूल वाचकाच्या जागेवरून उठून कर्त्याच्या जागेवर बसले, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

तथापि टोप्फरचा नियम येथे उलटा फिरतो, हे दृष्टीआड करता येत नाही. त्याच्या पद्धतीत रेघ आधी आणि भाव मागून. हात चुकतो आणि त्या चुकीतून न योजलेला माणूस जन्मास येतो. साधनात भाव आधीच यादीत लिहिलेले असतात: आनंद, राग, आश्चर्य, दुःख. मूल त्यांतला एक निवडते. घरे, कपडे, स्वयंपाकघरे, शाळेचे फळे, सारे ज्या देशात साधन घडले तेथले. आजीची गोष्ट सांगू पाहणाऱ्या मुलीस नऊवारी नेसलेली आजी सापडत नाही. मग ती पांढऱ्या केसांची एक अमेरिकन बाई घेते आणि फुग्यात ‘आजी’ लिहिते. ही अडचण किरकोळ म्हणून सोडून देऊ नये. यादीत नसलेले माणूस हळूहळू गोष्टीतूनही वगळले जाते.

आणि फुग्यात ‘आजी’ लिहिणे तरी सोपे होते काय? इंग्रजी चित्रकथांत अक्षरे बहुधा मोठ्या लिपीत लिहितात. सर्व अक्षरांची उंची सारखी, म्हणून ओळी खेटून बसतात आणि फुगा आटोपशीर राहतो. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. त्यातून मराठी शब्दाला विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडून येते. ‘शेजाऱ्यांबरोबरसुद्धा’ हा एकच शब्द अरुंद फुग्याची भिंत फोडून बाहेर पडतो. याहून मोठी आपत्ती यंत्राची होती. या काळातील बरीच साधने ‘फ्लॅश’ या व्यवस्थेवर चालत, आणि 2008 च्या दहाव्या आवृत्तीपूर्वी तिला आपल्यासारख्या लिप्यांची अक्षरजुळणी धड करताच येत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे हलन्त होऊन विस्कटत. त्यानंतरही प्रत्येक साधनाने ती सुधारणा उचलली असे नाही. आमच्या पाहण्यातील एका मराठी शाळेत बाईंनी यावर उपाय काढला. फुगे रिकामे ठेवावे, पाने छापून घ्यावी आणि मजकूर मुलांनी शाईने लिहावा. ती पाने आम्ही हाताळली आहेत. सर्व मुलांची पात्रे एकाच यादीतील, म्हणून जुळ्या भावंडांसारखी. परंतु अक्षर प्रत्येकाचे निराळे, आणि पान कोणाचे ते अक्षरावरून दुरूनही ओळखू येत होते. महाराष्ट्राबाहेर, जेथे मराठी लिहिण्याचे प्रसंग मुलाच्या दिवसात मोजकेच येतात, तेथे हस्ताक्षराच्या या चार ओळींचे मोल निराळे असते.

अखेरची गोष्ट टिकाऊपणाची. छापलेली पाने त्या बाईंच्या कपाटात होती म्हणून आम्हांस पाहता आली. महाजालावरील मूळ प्रती नाहीशा झाल्या होत्या, आणि असे होणारी ती एकटीच शाळा नव्हे. बिटस्ट्रिप्स 2016 मध्ये दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतले, आणि त्याच वर्षी त्याची चित्रमालिका रचण्याची सेवा बंद झाली. त्या कंपनीने पुढे चालू ठेवले ते माणसाच्या स्वतःच्या चेहऱ्याची चिमुकली चित्रे पाठविण्याचे अंग, कारण बाजारात मागणी त्याला होती. टूनडूही काळाच्या ओघात बंद पडले. 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशचा आधार संपला, आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यावरील मजकूर उघडणेच थांबले. ज्या साधनांनी दुसरी व्यवस्था स्वीकारली नव्हती, ती त्या दिवशी मुकी झाली, आणि त्यांच्या पोटातील मुलांच्या गोष्टीही त्यांच्याबरोबर गेल्या. टोप्फरने आपल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेली बाडे मात्र जिनिव्हात अद्याप जपलेली आहेत.